नापास मुलाचं नाटक

नाटकातला मुलगा नापास झाला असेल, तर पडदा पडण्याआधी त्याचं काहीतरी मार्गी लागलं पाहिजे, असं माझं वर्षानुवर्षांचं मत होतं. मार्कांचं नव्हे. पण आईनं त्याला जवळ घ्यावं, वडिलांना आपलं चुकल्याचं कळावं, शाळेतल्या एखाद्या सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवावा, इतपत तरी. रत्नागिरीत दिवसा शाळेत मराठी शिकवण्यात आणि संध्याकाळी हौशी नाटकांच्या तालमी घेण्यात माझं आयुष्य गेलं. एवढ्या काळात हे मत मी नुसतं बाळगलं नाही, त्याचा अंमलही केला. संहिता वाचून दाखवायला येणाऱ्यांना शेवट बदलून आणायला लावले. स्नेहसंमेलनाच्या एकांकिकांमधून घर सोडून जाणारी, वडिलांना उलट बोलणारी, रात्री जागून छताकडे बघणारी मुलं मी काढून टाकली. कोवळ्या मनात नको ते पेरू नये, ही त्यामागची कळकळ खरी होती.

आज ते मत माझं राहिलेलं नाही. कशानं बदललं ते सांगतो.

निमित्त आमच्याकडच्या एका हौशी संस्थेच्या नाटकाचं. नाटकाचं आणि संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यात काम करणारी मुलं खरोखरच चौदा ते सतरा वयाची आहेत. रंगमंचावर ती जे बोलतात त्यातलं किती त्यांच्या घरातलं आहे, हे कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, हे त्यांचं त्यांनी ठरवावं. दिग्दर्शिका माझी जुनी विद्यार्थिनी. संहिता घेऊन ती घरी आली, तेव्हा मी सवयीप्रमाणे शेवटच्या पानाशी थांबलो आणि म्हणालो, "हे असं सोडून देता येणार नाही. हा शेवट बदल."

गोष्ट संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीवर घडते. दहावीतला मुलगा, वडील नालासोपाऱ्याला भाड्याच्या खोलीत, आई काजूच्या कारखान्यात, घरी आजी. मुलगा सहामाहीत तीन विषयांत गेलेला. एका मुलीच्या फोटोवरून वर्गात त्याला चिडवलं जातं आणि ते मोबाइलवरून गावभर होतं. हळूहळू तो शाळेत जायचं थांबतो. दप्तर घेऊन घरातून निघतो आणि सड्यावर जाऊन बसतो. त्याच्याबरोबर आणखी दोघं आहेत. एक वर्गात पहिली येणारी मुलगी, जिला दोन मार्क कमी पडले तर झोप लागत नाही. दुसरा आंब्याच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळी कुटुंबातला मुलगा. त्याला वर्गातलं सगळं कळतं, पण त्याच्याशी कुणी बोलत नाही. आमच्या भागातल्या किती बागा या कुटुंबांच्या राखणीवर उभ्या आहेत, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पण त्यांचं पोर नाटकात मी पहिल्यांदा पाहिलं.

नाटकात वडिलांचा फोन तीनदा येतो. घरात रेंज नाही, म्हणून मुलगा अंगण ओलांडून चिऱ्याच्या गडग्यावर चढतो आणि प्रत्येक वेळी एकच उत्तर देतो, "सगला बरा हाय." कोकणातल्या कुठल्याही घरात हे वाक्य रोज बोललं जातं. आई मुंबईला तेच सांगते, मुंबईहून बापही तेच सांगतो. मुलगा बोलतो तेव्हा त्याच्या आवाजात खोटेपणा नाही. घरच्यांनी शिकवलेली रीत तो पाळतो आहे.

त्याची आजी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालायचं म्हणते. नाटकानं तिची टिंगल केलेली नाही, ते मला आवडलं. ती एकटीच आहे जिला काहीतरी बिनसलंय हे दिसतं, आणि तिला ठाऊक असलेला उपाय ती करते. आई मात्र एकदा दबक्या आवाजात विचारते, "रत्नागिरीला दाखवूया का?" आणि घर गप्प होतं. आमच्याकडे प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ पासून आहे. राज्यात अशी चारच आहेत: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. चार पिढ्या ते या गावात उभं आहे, पण आसपासच्या तालुक्यांत 'रत्नागिरीला नेणं' म्हणजे त्या माणसाचं सगळं संपलं, असाच अर्थ पोचला. त्या एका प्रश्नानंतरची शांतता मला वाचतानाही जड गेली होती. तरीही मी शेवटाशी अडलो.

शेवट असा: निकालाच्या दिवशी मुलगा संगमेश्वर रोड स्टेशनवर जाऊन बसतो. दिव्याची पॅसेंजर येते, थांबते आणि जाते. तो चढत नाही. घरी जायला उठतही नाही. खिशातला फोन वाजू लागतो आणि नाटक संपतं.

मी म्हणालो, त्यानं फोन घ्यावा. वडिलांनी काहीतरी बोलावं. निदान पुरवणी परीक्षा असते, एक-दोन विषय राहिले तरी अकरावीला प्रवेश मिळतो, एवढं तरी कुणीतरी त्याला सांगावं. समोर दहावीची मुलं बसणार आहेत, ती काय घेऊन घरी जातील?

ती म्हणाली, "सर, ही माहिती आम्ही कागदावर छापून प्रत्येकाच्या हातात देणार आहोत. ती नाटकात घातली, तर वडील सुटतात."

या वाक्याला मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. पटलं होतं म्हणून नव्हे, राग आला होता म्हणून. शिकवताना मी प्रत्येक नाटकाला विचारत आलो की यातून मुलानं काय शिकावं? सुटतं कोण, हा प्रश्न कधी माझ्या मनात आला नव्हता.

मग मी आमच्या निकालाकडे पुन्हा पाहिलं. कोकण विभागीय मंडळात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे. २०१२ च्या परीक्षेपासून या मंडळाचा निकाल वेगळा लागू लागला आणि तेव्हापासून दहावीत कोकण राज्यात पहिलं येत आलं आहे. २०२४ मध्ये तो निकाल ९९.०१ टक्के होता. दर वर्षी ही बातमी पहिल्या पानावर येते, आम्ही शिक्षक एकमेकांचं अभिनंदन करतो, आणि त्यात कष्ट आहेत म्हणून ते करावंही. पण जिथे शंभरातली नव्याण्णव मुलं पास होतात, तिथे नापास होणं ही राज्यातल्या इतर कुठल्याही जागेपेक्षा एकटं पाडणारी गोष्ट आहे. दुसरीकडे नापास मुलाला वाडीत दोन-चार सोबती तरी मिळतात. इथे तो अख्ख्या गावात एकटाच. एक टक्का म्हणजे दोनशेच्या वर मुलं, दोन जिल्ह्यांच्या वाड्यावस्त्यांवर विखुरलेली, आणि त्या दिवशी पेढे सोडून गावात दुसरा विषय नाही. त्या मुलाला नाटकातही शेवटी 'मार्गी लावून' मी कुणाचं समाधान करत होतो? सभागृहातल्या नव्याण्णवांचं आणि त्यांच्या आईबापांचं.

याच सुमारास फ्रँक वेडेकिंड या जर्मन लेखकाचं १८९१ मधलं नाटक मी पुन्हा वाचलं. 'स्प्रिंग अवेकनिंग' या नावानं ते इंग्रजीत ओळखलं जातं. लेखकानं त्याला मुलांची शोकांतिका म्हटलं आहे. त्यातला मॉरिट्झ परीक्षेत नापास होतो. अमेरिकेला पळून जायला मदत मागणारं पत्र तो मित्राच्या आईला लिहितो. ती समजूतदार, प्रेमळ बाई त्याला अतिशय सुंदर शब्दांत नकार देते आणि धीरानं राहायला सांगते. तो जीव देतो. नंतर शिक्षकांची सभा भरते आणि त्या सभेत बराच वेळ वाद चालतो तो खोलीची खिडकी उघडावी की नाही यावर. दफनाच्या वेळी त्याचे वडील म्हणतात, हा मुलगा माझा नव्हताच.

तरुणपणी हे नाटक मला अतिरंजित वाटलं होतं. या वेळी मित्राच्या आईचं पत्र वाचताना थांबलो. त्यातला प्रत्येक सल्ला मी माझ्या विद्यार्थ्यांना दिलेला आहे. आणि त्या पत्रात खोट काढायला जागा नाही. चांगल्या मनानं दिलेला चांगला सल्ला पुरत नाही, हे एका नाटककारानं सव्वाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं. त्याचा प्रयोग रंगमंचावर यायला पंधरा वर्षं लागली. १९०६ मध्ये बर्लिनला माक्स राइनहार्टनं तो केला, तोही सेन्सॉरच्या कात्रीतून. 'मुलांच्या मनात नको ते पेरू नये' असं म्हणणारे तिथेही होते.

त्या भीतीबद्दल मात्र नीट बोललं पाहिजे, कारण ती पोकळ नाही. आपल्याकडे २०१० च्या जानेवारीत मुंबईत आणि राज्यात विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या एकामागून एक आल्या. नुकत्याच लागलेल्या '३ इडियट्स'कडे तेव्हा बोट दाखवलं गेलं. अमेरिकेत '१३ रीझन्स व्हाय' या मालिकेवरून असाच वाद पेटला आणि २०१९ मध्ये त्यातलं आत्महत्येचं दृश्य काढून टाकावं लागलं. मृत्यू कसा घडला याचं बारकाईनं चित्रण, त्याभोवती सुंदर संगीत, मेल्यावर सगळ्यांना झालेला पश्चात्ताप, हे सगळं आधीच खचलेल्या मुलाला वाट दाखवल्यासारखं होऊ शकतं. याबद्दल माझं मत तसूभरही बदललेलं नाही. पहिल्या संहितेत असा एक प्रसंग सूचकपणे होता. मी हट्ट धरला, ज्यांना संहिता दाखवली त्या मानसोपचारतज्ज्ञांनीही तेच सांगितलं आणि तो गेला.

बदललं ते वेगळं आहे. मी असं धरून चाललो होतो की विषय काढला की विचार येतो. न काढला तर येत नाही. अमेरिकेतल्या मॅडलिन गूल्ड या संशोधिकेनं न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या २,३४२ विद्यार्थ्यांवर याचीच तपासणी केली होती. निम्म्यांना आत्महत्येच्या विचारांबद्दल सरळ विचारलं, निम्म्यांना नाही. २००५ मध्ये निष्कर्ष आले. विचारलेल्या मुलांमध्ये ना अस्वस्थता वाढली, ना तसे विचार वाढले. जी मुलं आधीच निराशेत होती, त्यांना उलट विचारल्यानं थोडं हलकं वाटल्याचं दिसलं. तज्ज्ञांनी हे मला वाचायला दिलं तेव्हा शाळेतली वर्षं डोळ्यांपुढून गेली. मागच्या बाकावर मान खाली घालून बसलेल्या मुलांना मी 'अभ्यास कसा चाललाय' हे विचारत आलो. दुसरं काही विचारलं तर ते त्यांच्या डोक्यात शिरेल, या भीतीनं.

ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी २०१० मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली: संकटातून माणूस जगून बाहेर पडतो अशा कथा बातम्यांतून आल्या, तर आत्महत्या कमी झालेल्या दिसतात. त्यांनी याला मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट' या ऑपेरातल्या पापागेनोचं नाव दिलं. तो जीव द्यायला निघतो आणि तीन पोरं येऊन त्याला थांबवतात. हे वाचून मी दिग्दर्शिकेला फोन केला की बघ, म्हणजे माझंच बरोबर, आशेचा शेवट हवा. ती शांतपणे म्हणाली, "सर, तो मुलगा गाडीत चढलेला नाही. फोन वाजतोय. तो जिवंत आहे. यापेक्षा अधिक आशा त्या दिवशी त्याच्याकडे नाहीये, मी कुठून आणू?"

तिचं म्हणणं मला पटलं ते प्रयोग पाहिल्यावर.

त्याआधी एक गोष्ट. चौदा ते सतराचं हे वय आपल्या रंगभूमीवर कायम पोरकं राहिलं. सुधा करमरकरांच्या लिटल थिएटरनं आणि रत्नाकर मतकरींनी मराठी मुलांना खरं बालनाट्य दिलं. त्यातले राक्षस आणि चेटकिणी तीन पिढ्यांच्या लक्षात आहेत. राज्य नाट्य स्पर्धेत मोठ्यांचे संसार असतात. चौदाव्या-पंधराव्या वर्षी मुलगा परीकथेत मावत नाही आणि संसाराच्या नाटकात त्याला चहाचा ट्रे घेऊन येण्यापुरतं काम असतं. खरं तर गावाकडे या वयाला जागा आहे. गणपतीत जाखडीला पायात चाळ बांधून रात्रभर नाचणारी मुलं याच वयाची असतात आणि शिमग्यात नमनाच्या खेळ्यांतही ती असतात. अंगात केवढा जोर आहे हे तिथे दिसतं. पण स्वतःबद्दल बोलायला त्यांना तिथेही ओळी नाहीत.

पुण्याला डॉ. मोहन आगाशे यांनी बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची धाटणी मराठीत आणली. १९८६ मध्ये 'छान छोटे वाईट मोठे' आलं. नावातच सगळं आलं आहे. मोठी माणसं मुलांची कामं करत, पण बोबडं बोलत नसत, मुलाचं म्हणणं मोठ्या माणसाच्या म्हणण्याइतकंच गंभीरपणे मांडत. आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ, हा काही योगायोग नसावा. आणि ठाण्यात मतकरींनी आयुष्याच्या शेवटच्या दशकात समता विचार प्रसारक संस्थेबरोबर 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. वस्त्यांमधली मुलं आपले प्रश्न स्वतः लिहू लागली, स्वतः बसवून करू लागली. मोठ्या लेखकानं मुलांसाठी लिहिण्याच्या पुढचं हे पाऊल आहे: लेखणी मुलांच्या हातात देणं. २०२० मध्ये मतकरी गेले तेव्हा त्यांच्या गूढकथांबद्दल पुष्कळ छापून आलं. मला वाटतं, त्यांच्या या कामाबद्दल अजून पुरेसं लिहिलं गेलेलं नाही.

आमच्या नाटकातले संवादही मुलांनीच बोलत बोलत तयार केले होते. पहिल्या येणाऱ्या मुलीचं रात्रीचं स्वगत तिनं स्वतः लिहिलेलं. मी वाचलं होतं तेव्हा त्यातलं व्याकरण सुधारलं होतं. दिग्दर्शिकेनं माझ्या दुरुस्त्या बाजूला ठेवल्या आणि मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवला. प्रयोगात ऐकलं तेव्हा कळलं की वाक्यं मध्येच तुटत होती ती मुलीला श्वास पुरत नव्हता म्हणून.

प्रयोग एका शाळेच्या सभागृहात झाला. पुढे मुलं, मागे पालक, असं नेहमीचं बसणं दिग्दर्शिकेनं उलटं केलं होतं: पालक आणि शिक्षक पुढे, मुलं मागे. आम्हाला वळून मुलांचे चेहरे वाचता येत नव्हते आणि ती मात्र आमच्या पाठी बघत होती. पहिल्यांदा "सगला बरा हाय" आलं तेव्हा सभागृह हसलं, ओळखीचं वाक्य म्हणून. दुसऱ्या वेळी हसू फक्त मागून, मुलांमधून आलं. तिसऱ्या वेळी कुणी हसलं नाही. माझ्या शेजारी मच्छीमार बोटीवर काम करणारे एक गृहस्थ होते. महिन्यातले बरेच दिवस समुद्रावर असणारा माणूस. ते दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबून बसले होते.

शेवटी फोन वाजू लागला आणि प्रकाश गेला. फोन लगेच बंद होईल असं मला वाटलं होतं, पण अंधारात तो वाजतच राहिला. तेव्हा पुढच्या रांगांत कुणीतरी पुरुष अगदी स्पष्ट म्हणाला, "अरे, उचल की!" तो त्या मुलाला सांगत होता. आणि लगेच मागून एका मुलाचा आवाज आला, "उचलून काय सांगू?"

नाटकात नसलेला हा संवाद माझ्यासाठी सगळं ठरवून गेला. मी सुचवलेल्या शेवटात वडील बोलले असते, मुलानं मान डोलावली असती आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवून उठलो असतो. त्या पुरुषाला ओरडावं लागलं नसतं. त्या मुलाला प्रश्न विचारावा लागला नसता. उत्तर रंगमंचावर दिलं असतं, म्हणून सभागृहात ते कुणालाच शोधावं लागलं नसतं. वडील सुटतात, असं ती म्हणाली होती. सुटणाऱ्यांत शिक्षकही होते आणि मीही होतो, हे मला तिथे बसल्या बसल्या दिसलं.

नंतर समुपदेशकांबरोबर गप्पा झाल्या. मुलं फारशी बोलली नाहीत, पालक बोलले. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी उभं राहून विचारलं की महिनाभरानं घरी आलेल्या बापानं पहिला प्रश्न काय विचारावा, अभ्यासाचा सोडून? समुपदेशकांनी सांगितलं, प्रश्न विचारूच नका, आपल्या बोटीवर काय घडलं ते आधी सांगा. ते म्हणाले, "तिकडचा काय सांगायचा, पोराला भीती वाटंल." मग स्वतःच थांबले. इतक्या वर्षांच्या पालकसभांत मी कुठल्याही बापाला असं बोलताना ऐकलेलं नाही. आमच्या पालकसभांत गुणपत्रिका असते आणि सही असते.

छापील कागद दारात वाटला गेला. त्यावर पुरवणी परीक्षेची माहिती होती, मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसचा १४४१६ आणि मुलांसाठीचा १०९८ हे मोफत क्रमांक होते. लोकांनी तो घडी करून खिशात घातला. हे काम कागदाचंच होतं, ते नाटकाकडून करून घ्यायचा माझा अट्टहास चुकीचा होता. २०२२ या एका वर्षात देशात १३,००० हून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी आहे आणि राज्यांमध्ये महाराष्ट्र पहिला आहे. एवढ्या मोठ्या दुःखापुढे आपल्याला क्रमांक हवेत, डॉक्टर हवेत, शाळाशाळांत समुपदेशक हवेत. आणि एखादं नाटक हवं ज्यात मुलाला शेवटी कुणी गप्प बसवत नाही.

एका बाबतीत दिग्दर्शिकेचं आणि माझं अजून पटलेलं नाही. हा प्रयोग ती निकालाच्या आसपास करू पाहते, कारण तेव्हा विषय ताजा असतो. माझं म्हणणं, तेव्हा उशीर झालेला असतो. जानेवारीत, सराव परीक्षेच्या आधी लांजा, राजापूर, देवरूख, चिपळूणच्या शाळांत हा जायला हवा. मुख्याध्यापकांना भेटायचं काम मी अंगावर घेतलं आहे. दोघांनी नकार दिला. परीक्षेच्या तोंडावर असला विषय नको, असं ते म्हणाले. ती वाईट माणसं नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तर काही वर्षांपूर्वी मीही हेच उत्तर दिलं असतं, म्हणून त्यांच्याशी वाद कसा घालायचा ते मला माहीत आहे. पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहे.

आणि नाटकातला शिक्षक अजून कच्चा आहे. तो एकदा येतो, हजेरी घेतो, मुलाचं नाव पुकारतो, उत्तर येत नाही, पुढचं नाव घेतो. दिग्दर्शिकेला तो तेवढाच हवा आहे. मला वाटतं, पुढचं नाव घेण्याआधी त्या माणसाच्या मनात काहीतरी येतं आणि ते तो बाजूला सारतो. ते काय असतं, हे मी तिला लिहून देईन म्हणालो आहे.